बाबांच्या झोपेबद्दल

अरे बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज काल ऐकला, दोनदा ऐकला. बाबा रात्री सव्वादोनला उठून हॉलमध्ये बसतात, साडेतीनला परत पडतात, पाचला पुन्हा टक्क जागे, आणि हे आई गेल्यापासून म्हणजे दीड वर्ष चाललंय, आणि तू तिकडे पुण्यात बसून काही करू शकत नाहीस म्हणून तुझाही जीव वरखाली होतोय. फोनवर बोलले असते, पण हे सगळं तुला परत परत वाचता आलं पाहिजे म्हणून लिहितेय. लांबेल जरा.

आधी एक काम कर. रोज सकाळी सातला फोन करून "बाबा, झोप झाली का?" विचारतोस ना, ते आजपासून बंद. तू मायेनेच विचारतोस, पण त्यांना रात्री पडल्या पडल्या तेच डोक्यात सुरू होतं की आजही नाही लागली तर उद्या पोराला काय सांगू, खोटं बोलू की खरं सांगून त्याला काळजीत टाकू. मला त्यांनीच सांगितलं परवा, दूध आणायला भेटले तेव्हा. आणि ते तू दिलेलं घड्याळ, ज्यात सकाळी झोपेचे मार्क दिसतात, ते रात्री काढून ठेवायला सांग. ते मनगटाची हालचाल आणि ठोके बघून अंदाज बांधतं, निपचित पण जागं पडलेल्या माणसाला झोपलेलंही धरतं. दिवसा पावलं मोजायला घालू देत, रात्री नको. भिंतीवरचं घड्याळही पलंगावरून दिसणार नाही असं लावायचं. अडीच वाजले, म्हणजे आता अडीचच तास उरले, हा हिशेब सुरू झाला की आलेली झोपही पळते.

मी हे नुसतं वाचलेलं सांगत नाहीये. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, नाइट ड्यूट्या तर किती केल्या त्याची मोजदाद नाही, आणि रात्री दहाच्या राऊंडला मी स्वतः म्हाताऱ्या पेशंटच्या हातावर गोळी ठेवून म्हणायचे, घ्या आजी, आता शांत झोप लागेल. रिटायर झाले २०११ ला आणि पुढच्याच वर्षी माझी झोप गेली. आधी गुडघेदुखी होती, मग लेकीच्या संसाराची काळजी, पण गुडघे बरे झाले, लेकीचंही मार्गी लागलं, तरी झोप काही परत आली नाही. मग तीच गोळी मी घ्यायला लागले. अर्धी होती ती एक झाली, एकीची दीड झाली. २०१७ च्या पावसाळ्यात गुंगीतच बाथरूमला उठले, उंबऱ्याला पाय अडकला आणि उजवं मनगट मोडलं. कितीतरी आज्यांना मी तशाच पडलेल्या उचललं होतं, आणि तरी मला दोन गोष्टींचा संबंध लागला नव्हता. ह्याचं आजही वाईट वाटतं.

त्यानंतर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला जे शिकवलं तेच तुला सांगते. त्याला सीबीटी-आय म्हणतात, निद्रानाशासाठीची वागणुकीची उपचारपद्धती. अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या मोठ्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्टच सांगितलं की जुनाट निद्रानाशाला पहिला उपचार हाच, गोळी नंतर. जुनाट म्हणजे आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने किंवा जास्त, आणि त्याने दिवसही खराब जात असेल तर. बाबांचं तर दीड वर्ष झालंय.

आपल्याकडे म्हण आहे बघ, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. झोपेचं शास्त्र त्यातच आहे. झोप ही भुकेसारखी साठत जाते. आपण जितका वेळ जागे तितका मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साठतो आणि डोळे जड होतात. बाबा जेवून दोन तास झोपतात, वर संध्याकाळी टीव्हीपुढे खुर्चीत पेंगतात, म्हणजे पंगतीच्या आधी चिवडा खाल्ल्यासारखं झालं, मग ताटावर भूक कुठून येणार. चहा-कॉफीतलं कॅफीन ह्याच अ‍ॅडिनोसिनची वाट अडवतं, आणि पोटात गेलेल्या कॅफीनपैकी अर्धं उरायलाच पाचएक तास लागतात, म्हातारपणी कधी जास्तही. त्यामुळे त्यांचा सहाचा चहा दोनच्या आधी आणायचा. वामकुक्षी मात्र पूर्ण तोडू नकोस, चाळीस वर्षांची सवय आहे, पण अर्धा तास, गजर लावून, तीनच्या आत.

दुसरं म्हणजे शरीराचं आतलं घड्याळ. वय वाढलं की ते पुढे सरकतं, लवकर झोप येते आणि लवकर जाग येते. गाढ झोपेचा भाग कमी होतो, मध्ये जाग जास्त वेळा येते, हे सगळं नैसर्गिक आहे आणि बाबांना ते सांग, कारण पंचविशीतल्यासारखी सलग झोप हवी ह्या हट्टापायी माणूस जास्त हैराण होतो. पण "म्हाताऱ्यांना झोप लागतच नाही, चालायचंच" हे मात्र ऐकून घेऊ नकोस. पासष्टीच्या पुढेही साधारण ७-८ तास सांगितलेत, कुणाला थोडी कमी पुरते इतकंच.

आता पलंगाकडे येऊ, खरा घोळ तिथे आहे. आर्थर स्पीलमन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८० च्या दशकात मांडलं की निद्रानाशाला तीन गोष्टी लागतात, एक मुळातला स्वभाव किंवा प्रकृती, दुसरी ठिणगी, आणि तिसरी म्हणजे ती आग पेटती ठेवणाऱ्या आपल्या सवयी. बाबांची ठिणगी म्हणजे आई जाणं. पण झोप लागत नाही म्हणून ते साडेनऊलाच आडवे व्हायला लागले, उठतात साडेसहाला, म्हणजे ९ तास अंथरुणात आणि झोप जेमतेम साडेपाच. उरलेले साडेतीन तास कूस बदलत, छताकडे बघत. असं महिनोन्‌महिने झालं की शरीर शिकतं, पलंग ही जागं राहायची जागा आहे. सोफ्यावर डोळा लागतो आणि पलंगावर पाठ टेकली की झोप उडते, हे त्याचंच लक्षण, त्यांना विचारून बघ.

मग करायचं काय, तर दोन आठवडे साध्या वहीत लिहायचं, कधी पडलो, अंदाजे कधी लागली, किती वेळा उठलो, शेवटचं कधी उठलो. अंदाजेच, सकाळी चहा पिताना, रात्री घड्याळ बघून नाही. त्यावरून झोप किती तास होते ते काढायचं आणि अंथरुणातला वेळ तितक्याच्या आसपास आणायचा. समजा सहा तास, तर साडेअकरा ते साडेपाच. ऐकायला क्रूर वाटतं ना, ज्याला झोप नाही त्याला अजून जागं ठेवायचं! मी तर डॉक्टरीणबाईंशी भांडले होते. पण भूक साठू दिल्याशिवाय जेवण जात नाही. बाबांचं वय ६८, त्यांना एकदम नको, आधी सव्वादहा, मग अकरा, असं आठवड्या-आठवड्याने सरकव. पाच तासांच्या खाली कधीच न्यायचं नाही. सकाळी उठायची वेळ ठाम, रात्र कशीही गेली तरी, रविवार असला तरी. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के झोप आठवडाभर व्हायला लागली की पंधरा-वीस मिनिटं वाढवायची, मग पुढच्या आठवड्यात परत. पहिले दहा-बारा दिवस वाईट जातात, दिवसा झापड येते, तेवढ्यात त्यांना स्कूटर चालवू देऊ नकोस. आणि कुणाला फिट येत असेल किंवा बायपोलरचा त्रास असेल तर हे घरच्या घरी करायचं नाही, हे लक्षात ठेव, कारण तू पुढे चार जणांना सांगशील.

आणि रात्री जाग आली, पंधरा-वीस मिनिटं झाली असं वाटलं, किंवा चिडचिड व्हायला लागली, की उठायचं. तू मला काळजीने सांगितलंस की ते हॉलमध्ये जाऊन बसतात, अरे तेवढं एक ते बरोबरच करतायत. फक्त तिथे मोबाइल आणि बातम्या नकोत. मंद दिवा, खुर्ची, गुडघ्यावर शाल, काहीतरी हलकं वाचायला. मी जुने दिवाळी अंक काढून ठेवले होते. डोळे मिटायला लागले की मगच पलंगावर. पलंगापासून बाथरूमपर्यंत छोटा नाइट लॅम्प लाव आणि ती पायपुसणी उचल, हे ह्याच शनिवारी आलास की कर.

पण हे सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडे एकदा नीट जायचं, कारण सगळंच काही सवयीचं नसतं. ते रात्री लघवीला किती वेळा उठतात विचार, तीन-चार वेळा असेल तर प्रोस्टेट, शुगर बघायला हवी, आणि बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती कुठल्या वेळेला घेतात ते बघ, बरेच लोक संध्याकाळी घेतात आणि रात्रभर उठतात, डॉक्टरांना विचारून सकाळी घेतली तर फरक पडतो. घोरतात का, घोरता घोरता श्वास अडकल्यासारखं होतं का? आई होती तेव्हा ती सांगू शकली असती, आता तू एक रात्र त्यांच्या खोलीत झोप आणि ऐक. तसं असेल तर स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, त्याची तपासणी वेगळी, आणि त्यात झोपेची गोळी धोक्याची ठरू शकते. संध्याकाळनंतर पायांत वळवळल्यासारखं, सतत हलवावेसे वाटणं असेल तर रक्तातलं फेरिटिन तपासायचं, लोह कमी असतं कधी कधी. थायरॉइड बघायचं. आणि मन. पहाटे जाग येऊन काहीच नकोसं वाटणं, जेवणावरची वासना जाणं, हे नुसत्या झोपेचं दुखणं नसतं. तसं वाटलं तर उशीर करू नकोस, १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पण माझ्या मते त्यांना प्रत्यक्ष डॉक्टरला दाखवणंच बरं.

तू म्हणालास शेजारच्या काकांनी दिलेली झोपेची गोळी ते चार महिने घेतायत. त्यांच्यावर रागावू नकोस. पण ही औषधं म्हातारपणी अंगात जास्त रेंगाळतात, तोल जातो, विसरायला होतं, पडून खुबा मोडला तर माणूस अंथरुणाला खिळतो. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ह्या गोळ्या २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, म्हणजे मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून रजिस्टरला नोंद करायची असते, उगाच नाही तो नियम. तरीही रागाच्या भरात ती पट्टी फेकून देऊ नकोस! रोजची गोळी एकदम तोडली तर झोप अजून उडते, थरथर होते, कधी फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दर दोन आठवड्यांनी थोडीथोडी कमी करायची. माझी सुटायला पाच महिने लागले, शेवटचा पाव तुकडा सोडणं सगळ्यात अवघड गेलं. आणि गोळीऐवजी सर्दीची गुंगी आणणारी जुनी गोळी देतात काही जण, प्रोस्टेटवाल्या माणसाला तर ती अजिबात नको, लघवी तुंबते.

जायफळाचं दूध, तळपायाला तेल, हे कुणी सांगितलं तर करू देत, मायेचं असतं, फक्त दूध कपभर नको, अर्धा कप, नाहीतर परत लघवीला उठणं आलं.

संध्याकाळी पाचला त्यांना घराबाहेर काढायचं माझ्याकडे लागलं. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापर्यंत चालत नेते, अजून ऊन असतं तेव्हा, ते ऊन डोळ्यांवर पडलं की लवकर झोपाळणारं घड्याळ जरा मागे थांबतं, आणि टीव्हीपुढची पेंगही चुकते. तिथे माझ्या ओळखीची आठ-दहा माणसं रोज बसतात, बाबा आधी बोलणार नाहीत, नको बोलू देत.

खरी अडचण रात्री साडेनऊ ते साडेअकराची आहे. ह्याच वेळेला ती दोघं जेवण आवरून गप्पा मारत बसायची ना, आई शेंगा सोलत, बाबा पेपरचं कोडं सोडवत. ते दोन तास आता रिकामे झालेत आणि म्हणूनच ते साडेनऊला दिवे घालवून पडतात, झोप येते म्हणून नाही, घर खायला उठतं म्हणून. हे मला कळतं, मीही एकटीच राहते. तर तुझा सकाळचा फोन ह्या वेळेला आण. रोज दहाला. झोपेबद्दल एक शब्द काढायचा नाही. ऑफिसचं सांग, भाजी कशी करायची विचार, आईबद्दल बोलले तर बोलू देत, तूही बोल, रडू आलं तरी चालेल. तुम्ही दोघं तिच्याबद्दल एकदा तरी नीट बोललायत का रे?

वही मी त्यांना आजच नेऊन देते, रेघा आखून. दोन आठवडे भरले की पानांचे फोटो तुला पाठवायला सांगेन, तू मला पाठव, मग किती वाजता झोपायचं ते आपण तिघं मिळून ठरवू. डॉक्टरांची वेळ मात्र तू घे, शनिवारचीच घे म्हणजे तुलाही बरोबर जाता येईल, आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून ने, नावं सांगू नकोस, पट्ट्याच दाखव.

तुझी,
सिस्टर मावशी