इंग्लंडला निघालेल्या नागपूरच्या फिजिओला

तू विचारलंस ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी), नंतर आठ वर्षं रामदासपेठेतल्या एका क्लिनिकमध्ये, मुलगी दुसरीत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ‘फिजिओथेरपीतल्या अग्रणींकडून करिअरचे धडे’ असं भाषण झालं. पडद्यावर मॅकमिलन, बोबाथ, मेटलंड, मॅकेन्झी यांचे फोटो आणि खाली जिद्द, दूरदृष्टी, नेतृत्व हे शब्द. तुझा प्रश्न असा की इंग्लंडला येऊन नव्याने सुरुवात करणाऱ्या बाईला यातलं काय कामाला येतं, आणि आठ वर्षांच्या अनुभवावर इथल्या सरकारी आरोग्यसेवेत बँड ५ ची (नव्याने पास झालेल्यांच्या पगारश्रेणीची) नोकरी घ्यावी की त्यावरच्या बँड ६ साठी थांबावं.

फी, आयईएलटीएसचे गुण, व्हिसाचे नियम हे सगळं एचसीपीसीच्या (इथे फिजिओंची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या) आणि सरकारच्या साइटवर आहे आणि ते बदलत राहतं, तिथेच वाच. जे तिथे नाही तेवढंच लिहिते.

त्या फोटोंखाली एक गोष्ट लिहायची राहिली. बर्टा बोबाथ १९३८ मध्ये बर्लिन सोडून लंडनला आल्या तेव्हा त्यांच्याकडे जिम्नॅस्टिक्सचं शिक्षण होतं, इथली फिजिओथेरपीची पात्रता नव्हती. १९४३ मध्ये पक्षाघात झालेल्या एका नामांकित चित्रकारावर त्यांनी उपचार केले आणि त्यातून ज्याला आज आपण बोबाथ पद्धत म्हणतो ती आकाराला येऊ लागली. तरीही रीतसर पात्रता त्यांनी १९५० मध्ये मिळवली, चाळिशी ओलांडल्यावर. ज्यांच्याकडून शिकायला पुढे लोक लांबून आले, त्या आधी इथल्या नियमाप्रमाणे परीक्षेला बसल्या. मेरी मॅकमिलन यांचं तसंच. जन्म अमेरिकेत, शिक्षण आणि पहिलं काम लिव्हरपूलमध्ये, परत अमेरिकेत जाऊन पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी काम, १९२१ मध्ये तिथल्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष, आणि १९३२ मध्ये सगळं बाजूला ठेवून पेकिंगच्या मेडिकल कॉलेजात शिकवायला. अध्यक्ष झाल्यानंतर पुन्हा परक्या देशात जाऊन वॉर्डात उभं राहणं, हे मला ‘नेतृत्व’ या शब्दापेक्षा जास्त सांगून जातं.

म्हणून बँडबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रोटेशनल बँड ५ मिळत असेल तर घे. तुझी आठ वर्षं कंबर, मान, गुडघा आणि फ्रोझन शोल्डरची आहेत. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात बँड ५ साधारण सहा-सहा महिने श्वसन, न्यूरो, ऑर्थो, कम्युनिटी असं फिरतो आणि रात्रीच्या ऑन-कॉलला एकटा उभा राहतो. रात्री दोनला फोन येतो तो कंबरदुखीसाठी नसतो. पोटाच्या ऑपरेशननंतर कफ अडकलाय, ऑक्सिजन खाली चाललाय, अशासाठी असतो. एक उदाहरण देते. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) ज्या पेशंटला कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्याचं सॅच्युरेशनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के ठेवतात. ९० दिसल्यावर घाबरून ऑक्सिजन वाढवला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड चढतो आणि तो गुंगीत जातो. हे पुस्तकात आपण सगळेच वाचतो, पण मॉनिटरसमोर हात आपोआप नॉबकडे जातो. थेट मस्क्युलोस्केलेटलच्या (हाडं-स्नायूंच्या दुखण्यांच्या) बँड ६ वर आलेल्यांना ही सवय लागायची संधीच मिळत नाही आणि पुढे ती उणीव भरून काढणं अवघड जातं. खालच्या पायरीचा सल मनात राहतो, तो राहतोच, त्याबद्दल खोटं बोलणार नाही. ‘तुम्ही नुकत्याच पास झालात का?’ हा प्रश्न आठ वर्षांच्या अनुभवानंतर ऐकायला बरा वाटत नाही.

आता मेटलंड आणि मॅकेन्झी. यांच्याकडून काय घ्यायचं ते तंत्रात शोधू नकोस, त्यांच्या नोंदींत शोध.

१९५६ मध्ये वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी यांनी एका पेशंटला कॉटवर पालथं झोपायला सांगितलं. कॉटचं डोकं आधीच्या पेशंटसाठी वर केलेलं तसंच राहिलं होतं. तो माणूस कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत पाचेक मिनिटं पडून राहिला आणि उठून म्हणाला, पाय बरा वाटतो. त्याआधी त्याच्यावर काही आठवडे शेक आणि अल्ट्रासाउंड चालू होतं, फरक नव्हता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ही स्थिती त्याला त्रास देणारीच होती. मॅकेन्झींनी ‘योगायोग’ म्हणून सोडून दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तेच करून पाहिलं, मग पुढच्या पेशंटवर, आणि दुखणं पायातून कंबरेकडे सरकतंय का ते नोंदवत गेले. फिजिओंसाठीचं पुस्तक यायला १९८१ उजाडलं. मधली पंचवीस वर्षं नोंदींची आहेत.

ॲडलेडच्या मेटलंड यांची तारांकित खूण तुला माहीत असेल, पण तू ती रोज वापरतेस का? पेशंटची जी तक्रार तपासणीत हुबेहूब उभी राहते तिच्यासमोर नोट्समध्ये तारा काढायचा: ‘उजवा एसएलआर ४० अंश, पोटरीत कळ’ आणि पुढे तारा (एसएलआर म्हणजे उताणं झोपवून, गुडघा न वाकवता पाय किती उचलला जातो ते). एक तंत्र करायचं, लगेच तोच एसएलआर पुन्हा मोजायचा. ५५ झाला तर चालू ठेव, ४० च राहिला तर बदल. पाच तंत्रं एकदम केलीस तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. रामदासपेठेत तीन पडद्यांआड तीन पेशंट, एकाला आयएफटीचा करंट, एकाला एसडब्ल्यूडीचा शेक, एकाला ट्रॅक्शनचा ताण, ‘दहा सिटिंग लागतील’ असं आधीच सांगितलेलं. तिथे तारा काढायला फुरसत नसते, हे मान्य. इथे मात्र कंबरदुखीसाठी आयएफटी, टेन्स, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन देऊ नका असं नाइसच्या (कुठले उपचार द्यावेत ते इथल्या आरोग्यसेवेला सांगणाऱ्या संस्थेच्या) २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. मॅन्युअल थेरपीसुद्धा व्यायामासोबतच, एकटी नाही. मुलाखतीत कंबरदुखीची केस आली आणि तू मशीनचं नाव आधी घेतलंस तर समोरचे दोघे नम्रपणे मान हलवतील आणि पुढच्या प्रश्नाला जातील. तिथेच निकाल लागतो.

मुलाखतीत प्राधान्यक्रमाचा प्रश्न जवळजवळ नक्की असतो. सकाळी आठ वाजता तीन पेशंट: पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, न्यूज-टू स्कोअर (तब्येत बिघडतेय का ते सांगणारा आकडा) वाढतोय, खोकला ओला पण कफ निघत नाही, दुसऱ्याला दुपारी घरी सोडायचंय, जिना चढवून बघायचाय, तिसरी पक्षाघाताची, आज पहिल्यांदा खुर्चीत बसवायचीय. पहिला आधी, हे सगळेच सांगतात. आपली माणसं पुढे चुकतात. पर्कशन, व्हायब्रेशन, एसीबीटी अशी कफ सुटवण्याच्या तंत्रांची माळ लावतात. त्यांना ऐकायचं असतं ते वेगळंच: जाण्याआधी चार्टवर काय बघशील, नर्सला काय विचारशील, कुठल्या आकड्याला डॉक्टरला बोलावशील, आणि तोपर्यंत जिन्याच्या पेशंटसाठी असिस्टंटला काय सांगून जाशील. हे मोठ्याने, स्वयंपाकघरात उभं राहून, घड्याळ लावून सराव कर. कॉडा इक्विनाची (कण्याच्या तळाच्या नसा दाबल्या जाण्याची) लक्षणंही तशीच तोंडावर हवीत: दोन्ही पायांत कळा किंवा अशक्तपणा, लघवी अडणं किंवा भान न राहणं, खोगीर टेकतं त्या भागात बधिरपणा. आणि हे प्रश्न अनोळखी पुरुषाला न अडखळता विचारता यायला हवेत. आपल्याकडे ते घुटमळत विचारले जातात किंवा राहून जातात.

कागदपत्रं. यावर मी फार लिहीन, कारण राग अजून गेलेला नाही. या देशात आपल्या पेशाची सुरुवातच नाव जपण्यापासून झाली. १८९४ मध्ये, मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या धंद्यांमुळे बदनामी होत असताना, चार बायकांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्यांची संस्था काढली. तिचीच पुढे फिजिओंची चार्टर्ड सोसायटी झाली. आजही ‘फिजिओथेरपिस्ट’ ही पदवी नोंदणीशिवाय लावणं कायद्याने गुन्हा आहे. हे कळलं की एचसीपीसीचा काटेकोरपणा समजतो. आपल्याकडच्या ‘उद्या या, साहेब रजेवर आहेत’ ची समजूत मात्र मला अजून पटलेली नाही.

राजीनामा देण्याआधी, नागपुरात असतानाच हे कर. एचसीपीसीचा अभ्यासक्रमाच्या माहितीचा फॉर्म कॉलेजने भरून सही-शिक्का मारून द्यायचा असतो. त्यात विषयवार तास लागतात, थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं, क्लिनिकल वेगळं, आणि क्लिनिकलमध्येही श्वसन, न्यूरो, ऑर्थोचे स्वतंत्र. ही फोड कार्यालयात तयार मिळेल असं धरू नकोस. अभ्यासक्रम तुझ्या बॅचचा लागतो, आत्ताचा नाही, आणि घोळ इथेच होतो: कारकून समोर असलेला नवीन अभ्यासक्रम जोडतो, त्याचे तास तुझ्या मार्कशीटशी जुळत नाहीत, आणि तुझा अर्ज प्रश्नांसह परत येतो. म्हणून तुझ्या बॅचचा अभ्यासक्रम आणि इंटर्नशिपची लॉगबुक काढ, तासांचा तक्ता स्वतः तयार कर, तो घेऊन प्राचार्यांकडे जा. त्यांना फक्त पडताळून सही करायची राहील असं काम ठेव.

नावाचंही तसंच. मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव. महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी कौन्सिलच्या नोंदणीवर लग्नाआधीचं. तीन कागदांवर तीन बायका आहेत असं परक्या माणसाला वाटतं. गॅझेट आणि लग्नाचा दाखला इंग्रजीत, नोटरीसह, आधीच जोडून ठेव. अनुभवाचं पत्र ‘वर्तन चांगले, कामात तत्पर’ असं असेल तर त्याला किंमत नाही. आठवड्याचे तास, कोणत्या प्रकारचे पेशंट, तू स्वतः काय तपासायचीस, काय ठरवायचीस, कुणाच्या देखरेखीखाली, हे हवं. श्वसनाची बाजू कमी भरली तर अर्ज तिथेच अडकतो. निघण्याआधी सहा महिने आठवड्यातून दोन दिवस कुठल्याही आयसीयूत काम मिळव, बिनपगारी मिळालं तरी, आणि त्याचंही असंच पत्र घे.

मुलीच्या शाळेबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. मी जास्त लिहिते. इथे वर्ग वयावर ठरतो, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. दुसरीतली तुझी मुलगी बहुधा इयर ३ ला बसेल. वर्षाच्या मध्ये आलात तर घराचा पत्ता पक्का होईपर्यंत आणि जवळच्या शाळेत जागा असेपर्यंत ती घरी बसेल, कधी काही आठवडे. टीसी, मागच्या दोन वर्षांचे रिपोर्ट आणि लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेव. इयर ४ च्या जूनमध्ये पाढ्यांची तपासणी असते: १२ पर्यंतचे पाढे, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. आजीने ‘बे एके बे’ करून घेतलेली मुलं उत्तर जाणतात, पण सात आठे छप्पन्न मनात मराठीत उमटतं आणि ते इंग्रजीत आणून टाइप करेपर्यंत सहा सेकंद संपतात. आकडा इंग्रजीत म्हणून, कीबोर्डवर सराव करून घे. पाढे मात्र मराठीतच राहू दे.

शाळेत कुणी कळकळीने सांगेल की घरी फक्त इंग्रजी बोला, मूल लवकर रुळेल. ऐकू नकोस. घरची भाषा बोलल्याने इंग्रजी मागे पडत नाही. मी ऐकलं होतं. दिवसभर प्रत्येक तंत्राचा पुरावा मागणारी मी, त्या एका वाक्याचा पुरावा मागितला नाही, कारण ते शाळेतून आलं होतं आणि मी परकी होते. आज फोनवर माझ्या मुलीचं आजीशी ‘हो’, ‘बरी आहे’ यापलीकडे संभाषण जात नाही, आणि ते ऐकताना मी दुसऱ्या खोलीत जाते.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. नोव्हेंबरात चारला अंधार पडतो तेव्हा जास्त. काम असलं की निभतं.

शेवटचं, तू न विचारलेलं. महाराष्ट्र कौन्सिलची तुझी नोंदणी चालू ठेव. इथली एचसीपीसीची दर दोन वर्षांनी नवी करावी लागते, फिजिओंची सम वर्षाच्या एप्रिलअखेर, आणि २.५ टक्के लोकांना वाटेल तसं निवडून प्रशिक्षणाच्या नोंदी मागतात. त्यामुळे ती कुणी विसरत नाही. नागपूरची विसरली जाते. नूतनीकरणाची तारीख नवऱ्याच्या आणि भावाच्या, दोघांच्या फोनमध्ये टाक आणि पैसे आधीच भावाकडे देऊन ठेव. माझी मी जाऊ दिली. पत्र आलं होतं, टेबलावर तीन महिने पडून होतं. रक्कम मोठी नव्हती. भरले असते तर परत यायचं की नाही हे ठरवावं लागलं असतं, म्हणून भरले नाहीत.