जुनी सोव्हिएत यानं झाडूनपुसून उडवता येतात का?

प्रश्न दोन आहेत. अल्माझ ही जुनी सोव्हिएत यानं विकत घेऊन चंद्राच्या सहली काढणार होती त्या कंपनीचं पुढे काय झालं? आणि सोव्हिएत काळातली तयार यानं गोदामांत पडून असताना खाजगी कंपन्या नवी यानं बांधण्यात पैसे का घालवतात? एका प्रतिसादात "रशियन माल दणकट असतो, झाडूनपुसून उडवला की झालं" असंही आलंय. माझी नोकरी प्रेशर व्हेसल (दाबाखालच्या टाक्या) आणि पंपांच्या तपासणी विभागात गेली, सोव्हिएत यानांचा नाद मात्र कॉलेजपासूनचा. त्यामुळे उत्तर तपासनिसाच्या चष्म्यातून येईल, चालवून घ्या.

आधी कंपनी. एक्सकॅलिबर अल्माझ, २००५ साली निघालेली, मुक्काम ब्रिटनजवळचं आयल ऑफ मॅन बेट, प्रमुख ह्यूस्टनचे अवकाश-कायद्याचे वकील आर्ट डुला. मॉस्कोजवळच्या रेऊतोवच्या संस्थेकडून, म्हणजे सोव्हिएत यान-अभियंते चेलोमेई यांच्या जुन्या डिझाइन ब्युरोकडून, त्यांनी परतीच्या काही कुप्या (ज्यात बसून अंतराळवीर पृथ्वीवर उतरतात त्या कॅप्सूल) आणि अल्माझ स्थानकाचे दोन सांगाडे घेतले. २०११च्या जानेवारीत ते सांगाडे बेटावर आले आणि जर्बीच्या जुन्या विमानतळावर ठेवले गेले. त्याच वर्षी नासाशी करार झाला. बातम्यांत त्याचा गाजावाजा झाला, पण तो बिनपैशांचा करार होता, नासा फक्त सल्ला देणार होती. २०१२मध्ये लंडनला चंद्राला वळसा घालून यायच्या तिकिटाची किंमत जाहीर झाली: दहा कोटी पौंड. उड्डाण एकही झालं नाही. गुंतवणूकदाराशी वाद होऊन प्रकरण कोर्टात गेलं. अल्माझची एक कुपी २०१४च्या मे महिन्यात ब्रसेल्सच्या लिलावात दहा लाख युरोंना गेली. ती १९७७ आणि १९७८ अशी दोनदा उडालेली होती. म्हणजे पुराणवस्तू म्हणून तिला गिऱ्हाईक मिळालं, वाहन म्हणून नाही.

याला निव्वळ फसवाफसवी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मूळ यान टाकाऊ नव्हतं. अल्माझ हा लष्करी टेहळणीचा कार्यक्रम. सॅल्यूत २, ३ आणि ५ ही प्रत्यक्षात अल्माझ स्थानकंच, जगाला पत्ता लागू नये म्हणून त्यांना सॅल्यूत हे नाव दिलेलं. सॅल्यूत ३वर तर २३ मिलिमीटरची तोफ होती आणि १९७५च्या जानेवारीत, आत कोणी नसताना, जमिनीवरून हुकूम देऊन ती चालवूनही पाहिली. या स्थानकांना माणसं आणि सामान पोचवायला चेलोमेईंनी टीकेएस नावाचं वीस टनी यान आखलं. त्याच्या टोकाला शंकूच्या आकाराची परतीची कुपी. एक्सकॅलिबरने घेतल्या त्या याच कुप्या.

या कुपीतली एक गोष्ट मला फार आवडते. तिचं दार उष्णतारोधक कवचातच कापलेलं आहे. परत येताना जो तळ तापून पांढरा होतो, त्याच तळात माणूस जाईल एवढं भोक, कारण मागच्या मोठ्या भागात जायला दुसरा रस्ताच नव्हता. ऐकून अंगावर काटा येतो, पण अमेरिकनांनीही १९६६मध्ये जेमिनीच्या एका कुपीत हेच करून पाहिलं होतं. चेलोमेईंच्या कुप्या अशा दारासकट अनेकदा सुखरूप उतरल्या. प्रक्षेपक फुटल्यावर सुटकेच्या मनोऱ्याने (कुपीला ओढून दूर नेणाऱ्या छोट्या रॉकेटने) वाचवलेली कुपीही आहे. पण या कुपीत बसून माणूस एकदाही वर गेला नाही की खाली आला नाही. सगळी उड्डाणं मानवरहित, तीही पृथ्वीच्या खालच्या कक्षेतून. कक्षेतून परतताना वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास असतो, चंद्राकडून येताना अकराच्या. कागदावर फरक छोटा दिसतो, पण कवचाला सोसावी लागणारी उष्णता त्या प्रमाणात नाही, त्याच्या कितीतरी पट वाढते. त्या वेगाची परीक्षा या कवचाने कधी दिलीच नव्हती.

शिवाय कंपनीच्या हातात आलं ते किती? कुपी म्हणजे यानाचं टोक. मागचा इंधन, इंजिनं आणि विजेचा भाग नवा बांधायचा होता. स्थानक म्हणजे रिकामं डबडं. आतली वायरिंग, हवा शुद्ध करणारी यंत्रणा, संगणक, सगळं नवं घालायचं. आमच्या धंद्यात टाकीचं शेल (बाहेरचं कवच) उभं राहिलं की मालक पेढे वाटायला निघतो, पण खरा खर्च आणि खरा ताप नोझल, जोड, व्हॉल्व्ह आणि चाचण्या यांत असतो, हे शॉपमधल्या कुणालाही विचारा. स्वस्तात मिळालं ते शेल.

आता 'दणकट माल' या मुद्द्याकडे. धातू पन्नास वर्षं टिकतो हे खरं. पण यान म्हणजे नुसता धातू नाही. सीलचं रबर, चिकटवण्याचे पदार्थ, तारांवरचं आवरण, पॅराशूटचं कापड, स्फोटक बोल्टमधली दारू या सगळ्यांना मुदत असते. ओ-रिंगच्या (सीलच्या रबरी कड्याच्या) पाकिटावर क्युअर डेट, म्हणजे रबर तयार झाल्याची तारीख, छापलेली असते. मुदत संपली की रिंग हाताला कितीही लवचिक लागो, आम्ही ती कात्रीने कापून टाकायचो. नुसती कचऱ्यात टाकली तर कोणीतरी उचलून बसवतो. आणि कागद! प्लेटवर हीट नंबर (धातूच्या ओतीव घाण्याचा क्रमांक) पंच केलेला नसेल, त्याच्याशी जुळणारं टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) नसेल, तर ती प्लेट सोन्याची असली तरी आमच्यासाठी भंगार. सोव्हिएत यानाचं टीसी रशियनमध्ये, कुठल्यातरी कपाटात, आणि त्यावरच्या शेऱ्याचा अर्थ सांगणारा माणूस निवृत्त होऊन गेलेला. हे सगळं पुन्हा सिद्ध करत बसायचं तर नवं बांधण्याएवढाच खर्च येतो, आणि वर जुन्या डिझाइनच्या मर्यादा आहेतच.

यावर "मग एनके-३३ ही जुनी सोव्हिएत रॉकेट इंजिनं कशी चालली?" असं कोणीतरी विचारणारच, आणि तो सवाल रास्त आहे. ते उदाहरण मी मुद्दाम तपशिलात सांगतो, कारण दोन्ही बाजू त्यात आहेत.

सोव्हिएत चंद्र-प्रक्षेपक एन-१. १९६९ ते १९७२ या काळात चार उड्डाणं, चारही फसली. पुढच्या प्रक्षेपकांसाठी कुझनेत्सोव्ह यांनी कुइबिशेवला, म्हणजे आजच्या समाराला, सुधारित एनके-३३ इंजिनं बनवली. तेवढ्यात कार्यक्रमच गुंडाळला आणि इंजिनं मोडीत काढायचा हुकूम आला. कुझनेत्सोव्हनी हुकूम पाळला नाही, इंजिनं गोदामात झाकून ठेवली. नव्वदच्या दशकात अमेरिकन अभियंत्यांनी ती पाहिली आणि चाट पडले: ऑक्सिजनचं प्रमाण जास्त ठेवून चालणारं बंद चक्र (पंप फिरवणारा वायू बाहेर न सोडता इंजिनातच जाळायची पद्धत), जे आपल्याकडे धातू जाळून टाकेल म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं, ते इथे ओळीने तयार उभं. अमेरिकेच्या एरोजेट कंपनीने नगाला अकरा लाख डॉलरच्या भावाने तीन डझनांच्या आसपास उचलली. नवी नियंत्रणं वगैरे बसवून त्यांचं नाव एजे-२६ झालं आणि ऑर्बिटल सायन्सेसच्या अँटारेस प्रक्षेपकाखाली दोन-दोन बसवली गेली.

२०११च्या जूनमध्ये मिसिसिपीतल्या स्टेनिस केंद्रात एक इंजिन चाचणीत पेटलं. कारण निघालं, धातूला गेलेला तडा. ताण आणि गंज यांच्या जोडीने पडणारा हा तडा वर्षानुवर्षं आतल्या आत वाढतो आणि बाहेरून दिसत नाही. पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारं रंगीत द्रव) लावून, एक्स-रे काढून आम्ही असे तडे शोधायचो. जिथे प्रोब पोचत नाही तिथे देवाचं नाव घ्यायचं. तपासण्या कडक केल्या गेल्या. २०१३च्या एप्रिलमध्ये अँटारेस उडाला आणि पहिली चार उड्डाणं व्यवस्थित पार पडली. मध्येच २०१४च्या मे महिन्यात स्टेनिसलाच आणखी एक इंजिन चाचणीत फुटलं. आणि २८ ऑक्टोबर २०१४ला व्हर्जिनियातल्या वॉलॉप्सवरून पाचवा अँटारेस सुटला, पंधरा-एक सेकंदांत एका इंजिनात स्फोट झाला आणि सगळं धूड तळाशेजारीच कोसळलं. माणूस कोणी दगावला नाही. अवकाशस्थानकाचं सामान गेलं.

चौकशीत बोट टर्बोपंपाकडे, म्हणजे ऑक्सिजन आणि इंधन जोराने इंजिनात ढकलणाऱ्या पंपाकडे, गेलं. तिथे फिरता भाग स्थिर भागाला घासला आणि शुद्ध ऑक्सिजनच्या त्या वातावरणात धातूच पेटला. घासला का, याची तीन संभाव्य कारणं नासाच्या समितीने दिली: डिझाइनच कच्चं, आत शिरलेला कचरा, किंवा मूळ घडणीतला दोष. सापडलेल्या अवशेषांत बेअरिंगच्या घराचं बोअर (आतलं गोल भोक) मापात नव्हतं, आणि मे महिन्यात फुटलेल्या इंजिनातही तसाच दोष निघाला. म्हणजे कुइबिशेवच्या लेथवर कधीतरी झालेली चूक चाळीस वर्षं गोदामात शांत बसली असण्याची शक्यता आहे. नव्या इंजिनात अशी चूक सापडली तर तुम्ही कारखान्यात जाता, तो लेथ पाहता, त्याच बॅचचे बाकीचे नग उघडता, ऑपरेटरला विचारता. इथे विचारायचं कोणाला? ऑर्बिटलने काय केलं पहा. त्यांनी रशियन इंजिन सोडलं नाही, जुनं इंजिन सोडलं. चालू कारखान्यातून नवी निघणारी आरडी-१८१ घेतली आणि २०१६च्या ऑक्टोबरमध्ये अँटारेस पुन्हा उडाला.

सोव्हिएत काळातल्या ज्या गोष्टी खाजगी पैशावर खरोखर उडाल्या, त्यांत हेच दिसतं. सोयुझ १९६०च्या दशकातलं डिझाइन, पण त्याची उत्पादनाची लाइन एक दिवस बंद पडली नाही. म्हणून २००१मध्ये अमेरिकन पर्यटक डेनिस टिटो तिकीट काढून जाऊ शकले. त्याआधी २००० साली मिरकॉर्प या कंपनीच्या पैशावर झाल्योतिन आणि कालेरी जुन्या मीर स्थानकावर त्र्याहत्तर दिवस राहून आले. ते जमलं कारण मीर सांभाळणारी एनर्गिया ही रशियन कंपनी त्या धंद्यात भागीदार होती. पैसा आटल्यावर २००१च्या मार्चमध्ये मीर समुद्रात पाडलं, ती गोष्ट वेगळी. द्नेपर प्रक्षेपक म्हणजे तर उतरवलेली आर-३६एम क्षेपणास्त्रं. १९९९ ते २०१५ अशी बावीस उड्डाणं, एकच फसलं. बिगेलो या अमेरिकन कंपनीची फुगवायची जेनेसिस यानं त्यावरूनच गेली. पण ती क्षेपणास्त्रं भंगारात पडलेली नव्हती. सैन्य त्यांची निगा राखत होतं आणि युक्रेनमधला मूळ कारखाना देखभालीत होता. रशिया-युक्रेन संबंध बिघडले आणि माणसांचा तो धागा तुटला, तसा द्नेपरही थांबला.

आपल्याकडचं उदाहरण तर बहुतेकांना ठाऊकच नसतं. इस्रोच्या जीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या पहिल्या उड्डाणातलं, १८ एप्रिल २००१चं, रशियन क्रायोजेनिक इंजिन त्याच एन-१साठी आखलेलं आणि तोवर कधीच न उडालेलं. अमेरिकेच्या दबावामुळे तंत्रज्ञान मिळालं नाही, सात तयार टप्पे मिळाले. रचना जुनी, पण टप्पा ख्रुनिचेव्ह या मॉस्कोच्या चालू कारखान्याने इस्रोसाठी बांधलेला.

त्याच ख्रुनिचेव्हमुळे टीकेएसही मेलं नाही. वरची कुपी गळाली, पण मागचा मोठा भाग मीरच्या क्वांत-२, क्रिस्ताल वगैरे विभागांत गेला. १९९८च्या नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकाचा पहिला तुकडा म्हणून गेलेला झार्या याच घराण्यातला, तोही अमेरिकेच्या पैशाने बांधलेला, आणि २०२१मध्ये गेलेला नाउकाही. जर्बीला सांगाडे उतरले तेव्हा त्याच वंशाचं यान बारा वर्षं डोक्यावरून फिरत होतं.

बैकोनूर या प्रक्षेपणतळावरच्या शेडमधली दोन बुरानं, म्हणजे सोव्हिएत स्पेस शटल, उडवता येतील का, असंही कोणी विचारेल. ती विसरा. त्यातलं एक तर जोडण्या तपासायचं नुसतं मॉडेल आहे, दुसरं पूर्ण झालेलंच नाही. त्यांना वर नेणारा एनर्गिया प्रक्षेपक उरलेला नाही. १९८८मध्ये खरोखर उडालेलं एकमेव बुरान २००२च्या मे महिन्यात हँगरचं छप्पर कोसळून चिरडलं, आठ कामगार गेले. त्या शेडमध्ये चोरून शिरणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून तसलं काही डोक्यात आलं असेल तर तो चालू प्रक्षेपणतळ आहे आणि पहारा असतो, हे लक्षात ठेवा. बुरान जवळून बघायचं तर जर्मनीत श्पायरच्या संग्रहालयात जा. वातावरणात उडवायच्या चाचण्यांसाठी जेट इंजिनं बसवलेलं बुरान २००८पासून तिथे आहे.