त्या वीस मिनिटांसाठी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या छोट्या फिल्मचं स्क्रिप्ट सावकाश वाचलं. दसरा होऊन गेलाय, मजुरीची आगाऊ उचल घेऊन झालीय, पहाटे ट्रॅक्टर निघणार. आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर जाणार आणि आठ वर्षांची पोर आजीपाशी राहणार. गोष्ट एवढीच, आणि ती पुरेशी आहे. बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात ही संध्याकाळ दर हंगामाला कितीतरी घरांत येते, तू ती जवळून पाहिलीस. म्हणून सांगतो, यात आणखी काही घालू नको. सुरुवातीचा ड्रोनचा शॉट काढून टाक. गाव वरून कसं दिसतं हे त्या पोरीला ठाऊक नाही. तिला जे दिसतं तेवढंच आपण पाहायचं.

तू विचारलंस, दोन दिवसांच्या शूटमध्ये जीव ओतून काम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? माझं उत्तर असं की जीव सगळीकडं सारखा वाटून टाकू नको. तुझी फिल्म एका जागी उभी आहे. आई चुलीपाशी भाकरी थापतेय, वाटेसाठी जास्तीच्या भाकरी होताहेत आणि पोर त्या मोजतेय. तिला बोलून कुणी काही सांगितलेलं नाही, पण भाकरींच्या चळतीवरून तिला कळतं. हा प्रसंग साधला तर बाकीचे शॉट साधे असले तरी चालतील. तो हुकला तर बाकी कितीही देखणं असू दे, उपयोग नाही.

तो प्रसंग तू दिवेलागणीला ठेवलास, ते बरोबरच आहे. ऑक्टोबरअखेर आपल्याकडं सहाच्या आसपास सूर्य मावळतो, आणि त्यानंतर आकाशात कामापुरता उजेड राहतो तो जेमतेम वीस मिनिटं. दाराबाहेर निळसर आणि आत चुलीचा पिवळा, हे दोन्ही एकाच चौकटीत तेवढ्याच वेळात मिळतं. म्हणून दिवसाचं वेळापत्रक उलटं बांध. दुपारी तीनलाच कॅमेरा त्या जागी लाव. आईचं काम करणारी बाई, पोर आणि आजी यांना खऱ्या पिठानं, खऱ्या तव्यावर तालीम करू दे. कोण कुठं बसणार, दार किती उघडं, फोकस कुठून कुठं जाणार, हे साडेपाचच्या आत ठरलेलं हवं. आणि दोन्ही संध्याकाळी याच प्रसंगासाठी राखून ठेव. पहिल्या दिवशी छान झालं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा घे.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेव, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर बल्ब-ट्यूब लुकलुकणार नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचा तोल, ऑटोवर सोडू नको, ४५०० केल्विनच्या आसपास पक्का कर. ऑटोवर कॅमेरा दर मिनिटाला रंग सावरत बसतो आणि तुला हवा तो निळा-पिवळा भेदच पुसून टाकतो. उजेड उतरत जाईल तसा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवावा लागेल, ते काम एकाच माणसाकडं दे. चुलीचा उजेड आईच्या चेहऱ्यावर कमी पडला तर तव्याच्या उंचीला पांढरं थर्माकोल धर. घरातला पांढरा एलईडी मात्र बंद.

आवाजावर माझा फार जीव आहे, कारण नवी पोरं तिथंच हात आखडतात. भाकरी थापल्याचा आवाज, काटकी मोडल्याचा, पोरीनं पुटपुटत मोजल्याचा. हे सगळं शूट झाल्यावर त्याच घरात पुन्हा जवळून रेकॉर्ड कर. सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाजही मिनिटभर घे. एडिटला बसशील तेव्हा दोन टेकमधले सांधे त्यानंच बुजतात. पहाटेचा ट्रॅक्टर दाखवूच नको असं मला वाटतं. अंधारात तो सुरू होताना ऐकू येऊ दे, तेवढं पुरे.

आता पोरीबद्दल, आणि हे नीट ऐक. तिला रडवण्यासाठी 'तुझी आई गेली' असं खोटं कुणीही सांगायचं नाही. टेक कितीही खरा दिसला तरी तो आपल्याला नको. तिला वाक्यं पाठ करायला लावू नको, काम दे. मोजायच्या भाकरी दे, फडक्यात बांधायला दे, गाठ सुटत असेल तर सुटू दे. हात कामात गुंतले की चेहरा आपोआप मोकळा होतो. आणि बालकलाकारासाठी कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. फिल्म छोटी म्हणून हे सुटत नाही. परवानगीचा अर्ज आधीच कर, आणि तिचे तास त्या संध्याकाळसाठी वाचव.

भाषा तू लिहिलीस ती जरा सगळ्या मराठवाड्याची मिळून झालीय. उदगीरच्या बोलण्यात कन्नड-तेलुगूचा हेल येतो, धारूरची आजी तसं बोलत नाही. तुझ्या आजीची भूमिका गावातलीच म्हातारी करणार आहे ना? मग तिला प्रसंग सांग आणि ती काय बोलते ते लिहून घे. तुझ्या ओळीपेक्षा तिची ओळ चांगली निघाली तर तुझी खोडून टाक. यात कमीपणा वाटून घेऊ नको, लेखकाचं निम्मं काम असंच होतं.

एक विनंती. शूट हंगामातच आहे, त्यामुळं गावातून खऱ्या गाड्याही निघत असतील. त्यांच्या निघण्याच्या घाईत कॅमेरा घेऊन मधे जाऊ नको. कुणी आपणहून 'घे' म्हणालं तरी नाव, गाव, चेहरा वापरू का, हे शांतपणे विचार, आणि फिल्म झाली की ती त्यांना आधी दाखव. हंगाम संपून माणसं परत येतील तेव्हा, गावातच.

रोजचं फुटेज रात्री झोपण्याआधी दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर उतरव. पहिल्या संध्याकाळचा चुलीचा टेक मला त्याच रात्री पाठव, कापलेला नको, अख्खा. मी जागा असेन. काय राहिलंय ते बघून सकाळी फोन करतो, म्हणजे दुसऱ्या संध्याकाळी ते घेता येईल.

तुझा,
सर