मुलीला पाढे पाठ आहेत, तरी भागाकार चुकतो. कसा शिकवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पाचवीत आहे, तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणते आणि तरी ६१८ भागिले ६ चं उत्तर १३ काढते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. हे १३ मला दर वर्षी वह्यांमध्ये भेटतं. म्हणून आधी एक विनंती, तिला आणखी पाढे पाठ करायला बसवू नका. अडचण पाढ्यांत नाहीच.

६१८ मधला ६ म्हणजे सहाशे, हे भागाकार करताना तिच्या डोळ्यांसमोर नसतं. आपण शिकवतो, 'सहा एके सहा, खाली शून्य, एक खाली घे, भाग जात नाही, आठ खाली घे.' मूल ते मंत्रासारखं पाठ करतं. मधली एक पायरी गळली, तर ती गळली हे ओळखायला त्याच्याकडे काही साधनच उरत नाही. आणि अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. ग्रामीण मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं.

थोडे दिवस वही बाजूला ठेवा आणि खेळण्यातल्या नोटा घ्या. कागदाच्या तुकड्यांवर १००, १०, १ लिहिलं तरी चालेल. तिला ७४२ रुपये द्या आणि तिघांत सारखे वाटायला सांगा. बहुतेक मुलं आपणहून शंभराच्या नोटा आधी उचलतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार एककापासून करायचे आणि भागाकार मात्र डावीकडून का, हे मग वेगळं समजवावं लागत नाही. प्रत्येकाला दोन-दोन नोटा गेल्या की शंभराची एक उरते. इथे तुम्ही गप्प राहा. काहीही सुचवू नका. मूल त्या नोटेकडे बघत बसतं, चुळबुळतं आणि मग म्हणतं, "सुटे द्या ना!" भागाकाराचं सगळं मर्म या एका मागणीत आहे. शंभराच्या दहा दहाच्या नोटा झाल्या, हातातल्या चार मिळवून चौदा. प्रत्येकी चार, उरल्या दोन. त्या मोडून वीस आणि मूळचे दोन मिळून बावीस रुपये. प्रत्येकी सात, बाकी एक. उत्तर २४७, बाकी १.

दुसऱ्या वेळी तिने नोटा वाटायच्या आणि तुम्ही शेजारी कागदावर मांडणी करायची. मधेच विचारा, "हा १२ मी लिहिला, तो कुठे आहे दाखव." तिने वाटलेल्या दहाच्या बारा नोटांवर बोट ठेवलं, की 'वजा करणं' म्हणजे काय ते तिला समजलं. मग अदलाबदल करा.

आता ६१८ कडे या. दहाची एक नोट सहा जणांत तशीच वाटता येत नाही, म्हणजे प्रत्येकाला दहाच्या नोटा मिळाल्या शून्य. ते शून्य दशकाच्या घरात लिहायचंच. चौकटीच्या वहीत भागाकाराच्या वर श, द, ए अशी घरं पाडून द्या. रिकामं राहिलेलं घर लगेच दिसतं. गणिताला हात घालण्याआधी एवढं विचारा, "सहाशे अठरा रुपये सहा जणांत वाटले, तर प्रत्येकाला शंभर तरी मिळतील का?" हो म्हणाली, की १३ हे उत्तर ती स्वतःच खोडेल.

दोन अंकी भाजक आला की पाठांतर अपुरं पडतं. ९५२ भागिले ३७ घ्या. आधी समासात ३७, ७४, १११, १४८, १८५ असं लिहून घेऊ दे. ९५ मध्ये ७४ बसतात, म्हणजे दोनदा भाग गेला, उरले २१. दोन खाली घेतला, झाले २१२. ३७ म्हणजे जवळजवळ चाळीस, चाळीस पंचे दोनशे, म्हणून पाचाने करून बघायचं. १८५ वजा केले, उरले २७. उत्तर २५, बाकी २७. वजाबाकीनंतर ३७ किंवा त्याहून जास्त उरलं, तर भाग आणखी एकदा जातो. उलट वजाबाकीच होत नसेल, तर अंदाज एकाने कमी करायचा. अंदाज खोडणं ही चूक नाही, हे तिला मोकळेपणाने सांगा. कितीतरी मुलं वहीत खाडाखोड दिसेल या भीतीने पेन्सिल टेकवतच नाहीत.

रोज दोन-तीन गणितं पुरेत. ताळा तिलाच करू दे, २५ गुणिले ३७ आणि त्यात २७ मिळवले की ९५२ यायला हवेत. ताळा जुळला नाही तर कुठे चुकलं ते सांगू नका, नोटा पुढे ठेवा आणि वाटून दाखव म्हणा. नोटा कधी बंद करायच्या हेही तुम्ही ठरवू नका. कंटाळा आला की ती स्वतःच बाजूला सारेल.