रिकाम्या हातानं सेमिनरीत जाऊ नकोस

प्रिय पोरी,

येशूच्या नावात सलाम.

तू पाठवलेला गठ्ठा मिळाला. पोस्टमननं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिला, म्हणून या पावसातही कोरडा राहिला. कोलकाता, पुणे, इंग्लंड, अमेरिका, सगळीकडच्या सेमिनऱ्यांची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजांची, माहितीपत्रकं आणि वार्तापत्रं एकत्र, आणि वर तुझी चिठ्ठी : "पाळककाका, यातलं काय धरू नि काय सोडू?" उन्हाळी वर्ग, ग्रीकचे जलद वर्ग, शिष्यवृत्त्या, पाहुण्यांची व्याख्यानं, रिट्रीट. निम्म्या कागदांवर तू लाल पेनानं खुणा केल्या आहेस. इतक्या खुणा म्हणजे एकही खूण नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल.

सेमिनरीच्या बातम्या वाचताना आधी फोटो बाजूला ठेव. हिरवळ, पांढरे झगे, कुणीतरी मोठे बिशपसाहेब हार घालून उभे. हे सगळीकडे सारखंच असतं. मी दोन गोष्टी बघतो. तिथली माणसं साधा, कंटाळवाणा मंगळवार एकत्र कसा काढतात, ही एक. आणि त्या घरानं स्वतःच्या जुन्या वह्या कधी उघडून बघितल्यात का, ही दुसरी.

दुसरीबद्दल आधी लिहितो, कारण तुझ्या गठ्ठ्यातली सर्वात मोठी बातमी त्यात आहे आणि नेमकी तिच्यावर तुझी खूण नाही. अमेरिकेतली व्हर्जिनिया थिऑलॉजिकल सेमिनरी १८२३ ची. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या, परिवारातल्या तिथल्या एपिस्कोपल चर्चची. त्यांचं १८८१ चं चॅपेल २०१० मध्ये जळालं आणि २०१५ मध्ये नवं उभं राहिलं. तू त्या नव्या चॅपेलवर खूण केलीस, ठीक आहे, देखणंच आहे. पण त्याच सेमिनरीनं २०१९ मध्ये सतरा लाख डॉलरचा एक निधी बाजूला काढला. कशासाठी? तिच्या आवारात गुलाम माणसं राबली होती. गुलामी संपल्यावरही काळ्या माणसांना तिथं काम होतं, पण वर्गात बसायला जागा नव्हती. त्या माणसांची नावं शोधायची, त्यांचे वंशज शोधायचे आणि त्यांना पैसे द्यायचे. २०२१ पासून ते पैसे जायला लागले. रक्कम पुरेशी आहे का, यावर वाद घालता येईल. पण नावं शोधायला कुणीतरी हिशेबाच्या वह्या आणि पगाराचे कागद घेऊन बसलंच असेल ना? जिथं असं काम चालतं तिथं शिकायला मिळतं. व्याख्यानमाला कुठंही असतात.

आता आपल्याकडे ये. लंडनची एस. पी. जी. ही धर्मप्रसार करणारी अँग्लिकन संस्था १७०१ ची. तिच्याच आधारानं बिशप मिडलटन यांनी १८२० मध्ये कोलकात्याचं बिशप्स कॉलेज काढलं, ज्याचं पत्रक तुझ्या गठ्ठ्यात सर्वात वर होतं. बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त तिथं शिकले. आणि याच एस. पी. जी.नं पुढं दापोलीत मिशन सुरू केलं. म्हणजे ज्या कॉलेजात जायची तू स्वप्नं बघतेस, ते आणि तुझ्या आजोबांची दापोलीची शाळा एकाच झाडाच्या फांद्या. आल्फ्रेड गॅडने यांचं नाव त्या हायस्कूलला आजही आहे. आपण नुसतं ए. जी. हायस्कूल म्हणतो आणि ए. जी. म्हणजे कोण हे विचारत नाही. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे, पुढं भारतरत्न झालेले पां. वा. काणे दापोलीच्या मिशन शाळेतले. साने गुरुजीही तिथंच शिकले. हे आपण कार्यक्रमात माइकवर सांगतो. (बाणकोट-हर्णैचे ते स्कॉटिश पाद्री मात्र यात घालू नकोस. ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे वेगळ्या पंथाचे, आणि आले त्याच्या कितीतरी आधी, १८२३ मध्ये. त्यांच्यातलेच जॉन विल्सन १८२९ मध्ये मराठी शिकायला हर्णैला येऊन राहिले होते. तू मागच्या निबंधात सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं होतंस.)

माइकवर न सांगितलं जाणारंही काही आहे. १८९० च्या दशकात दापोलीत पेन्शनर महार सैनिकांनी आपली मुलं नगरपालिकेच्या शाळेत घ्या म्हणून अर्ज केले. अस्पृश्यतेविरुद्ध लढणारे गोपाळबाबा वलंगकर तेव्हा दापोलीतच होते. मुलांना घेतलं, पण बसवलं पडवीत. कोकणातल्या पावसात पडवीत बसून पाटीवर लिहायचं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको; पागोळ्यांची झड आत येते आणि पाटी आपोआप पुसली जाते. आता माझा प्रश्न असा : त्याच वर्षांत, त्याच गावात, मिशनच्या वर्गात काय चाललं होतं? कोण बाकावर, कोण दाराशी? पाळकांनी लंडनला पाठवलेल्या अहवालात याबद्दल काही लिहिलं की मौन पाळलं? एस. पी. जी.ची कागदपत्रं आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. इंग्लंडच्या पत्रकावर तू "ऑक्सफर्डजवळ!" असं उद्गारचिन्ह देऊन लिहिलंस ना? त्या उद्गारचिन्हाला आता काहीतरी काम मिळालं.

माझं म्हणणं एवढंच की रिकाम्या हातानं जाऊ नकोस. प्रश्न घेऊन गेलीस तर ग्रीकचा वर्ग, इतिहासाची व्याख्यानं, परदेशातलं एखादं सत्र, या सगळ्यांतून काय उचलायचं ते तुझं तुला कळेल. प्रश्न नसेल तर तीन वर्षांत तू उत्तम नोट्स काढशील आणि त्या नोट्सवर पुढची तीस वर्षं संदेश देशील. तसे पाळक तू ऐकलेत. मी नावं घेत नाही.

आता तो कंटाळवाणा मंगळवार. तो पत्रकात दिसत नाही, जाऊन बघावा लागतो. अर्ज भरण्याआधी प्राचार्यांना रीतसर पत्र लिहून दोन रात्री राहायची परवानगी माग. बहुतेक ठिकाणी आनंदानं देतात. पुण्यापासून सुरुवात कर. युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आपल्या मराठी मंडळ्यांना जवळची. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकलही बघून ये. ती आधी यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्याला आली. ती अँग्लिकन नाही, पण बघायला काय हरकत आहे? सकाळच्या प्रार्थनेला प्राध्यापक येतात का बघ. मेसमध्ये ताटं कोण घासतं, पाळीच्या तक्त्यावर सगळ्यांची नावं आहेत की फक्त पहिल्या वर्षाची. जेवणानंतर ग्रंथालय उघडं असतं का. लग्न झालेल्या विद्यार्थ्यांच्या बायका दिवसभर काय करतात, त्यांच्यासाठी काही वर्ग आहेत की त्या नुसत्या क्वार्टरमध्ये बसून असतात. शनिवार-रविवारच्या फील्डवर्कला मुलांना कुठं पाठवतात : शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये खुर्च्या लावायला, की एखाद्या लहान मंडळीत खरं काम करायला? आणि बोलायचं असेल तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोल. पहिल्या वर्षाचे भारावलेले असतात, शेवटच्या वर्षाचे नेमणुकीच्या काळजीत.

लहान मंडळीचं मुद्दाम लिहिलं. आपलं चर्च नाताळला आणि मे महिन्यात भरतं, चाकरमानी आले की. बाकी वर्षभर पुढच्या दोन बाकांवर मावेल एवढी माणसं, त्यात अर्धी सत्तरीपुढची. जुलैत गीतांची पुस्तकं फुगतात, पानं एकमेकांना चिकटतात, म्हणून आजीबाई ती घरी नेऊन चुलीच्या उबेला ठेवतात आणि रविवारी परत आणतात. अशा माणसांसमोर उभं राहून बोलणं ही वेगळी विद्या आहे. माइक नाही, लपायला जागा नाही, आणि समोरच्याला तुझं अख्खं घराणं ठाऊक. संदेश कसा द्यावा हे शिकवणारे वर्ग भरलेलं सभागृह गृहीत धरतात. तू तिथल्या सरांना हे विचारच. चिडले तर चिडू दे.

पदवीचं थोडक्यात. आपल्याकडे पुष्कळ सेमिनऱ्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर सिनेटला जोडलेल्या. सेरामपूर कॉलेज १८१८ चं, कॅरी-मार्शमन-वॉर्ड या बॅप्टिस्ट मंडळींचं, आणि पदव्या देण्याची सनद त्यांना १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून मिळाली. बॅप्टिस्टांच्या कॉलेजच्या नावानं अँग्लिकन वळणाचे पाळक पदवी घेतात, यात कुणाला काही वाटत नाही. १९७० मध्ये नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हापासून आपली पंगत मिश्रच आहे. बी. डी.साठी, म्हणजे पाळक व्हायच्या पदवीसाठी, जाताना मंडळीची शिफारस आणि बिशपसाहेबांची संमती घेऊन स्पॉन्सर्ड म्हणून जा. प्रायव्हेट उमेदवार म्हणूनही घेतात, पण मग पदवी हातात आणि दीक्षेचं, म्हणजे पाळक म्हणून नेमलं जाण्याचं, काहीच नक्की नाही, अशी अवस्था होते. तुझ्या आईला वाटतं मुलीला कोण उभं करणार. त्यांना सांग, दक्षिणेतल्या आपल्या भगिनी चर्चमध्ये, चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये, २०१३ साली ई. पुष्पा ललिता बिशप झाल्या. आपल्या चर्चमध्येही स्त्रियांना दीक्षा मिळते. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीतले दोघं कुरकुर करतील. ते नवीन पंखा घेतानाही करतात.

पहिली पदवी परदेशात नको, या मतावर मी ठाम आहे. ऑक्सफर्डजवळचं ते कडस्डन कॉलेज १८५४ पासून पाळक घडवतंय, चांगलंच घडवत असेल, पण ते इंग्लंडच्या पॅरिशसाठी. तुझं काम इथं, फील्डवर्क इथं, तुला ओळखणारे बिशप इथं. नंतर एखाद्या सत्रासाठी जा, वलंगकरांच्या काळचे ते अहवाल वाचायला जा, मी स्वतः शिफारसपत्र लिहीन.

आणि जायला अजून वर्ष आहे तोवर? बोटी ३१ जुलैपर्यंत किनाऱ्यावर ओढलेल्या, तुझ्या बाबांना घरी वेळ आहे, दुकान ते सांभाळतील. सेरामपूरचे घरी राहून करायचे ख्रिस्ती अभ्यासाचे अभ्यासक्रम आहेत, डिप्लोमाही आणि पदवीही, मुळात सामान्य सभासदांसाठी. कुणी त्यांना कमी लेखतं. तू लेखू नकोस. बी. डी.ला बसणाऱ्या पुष्कळांचं पवित्र शास्त्राचं वाचन हे अभ्यासक्रम करणाऱ्यांइतकं पक्कं नसतं. शिवाय, १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात सगळी दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत. सेमिनरीत कुठल्या ना कुठल्या रूपात हे वळण भेटेलच. आत्ताच सुरू कर, मोठ्यानं वाच. सूड मागणारी, शिव्याशाप देणारी स्तोत्रं येतील तेव्हा गाळू नकोस, त्यांच्याबद्दल आपण बोलू.

मुख्य काम मात्र वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या सामानाच्या खोलीतल्या, लोखंडी कपाटात आहे. खालच्या खणात बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं आहेत. नाव, आई-बाप, राहणार कुठं, बापाचा धंदा, बाप्तिस्मा कुणी दिला, असे रकाने असतात. सगळे घाईत नावांवरून बोट फिरवतात, आपल्या खापरपणज्याचं नाव सापडलं की फोटो काढतात आणि रजिस्टर मिटतात. तू धंद्याचा रकाना उतरव. तारखेच्या क्रमानं, एका साध्या वहीत, स्पेलिंग जसं असेल तसं. पेन्शनर किती, नोकर-चाकर किती, मास्तर कधीपासून दिसायला लागतात, आणि कुठल्या वर्षी रकाना कोरा सोडलेला आहे. पानं ओलसर असतील तर जबरदस्तीनं सुटी करू नकोस, मध्ये टीपकागद घाल आणि पंख्याखाली ठेव. फोटो काढायचे तर फ्लॅश नको. आणि रजिस्टर घरी न्यायचं नाही, कितीही पाऊस असला तरी तिथंच बसायचं.

किल्ली खजिनदारांकडे आहे. त्यांना मी फोन करून ठेवतो, पण चिठ्ठीही घेऊन जा, त्यांना फोनवरचं आठवत नाही. अर्जात "तुम्हाला इथं का शिकायचं आहे" असा जो प्रश्न असतो, त्याचं उत्तर निदान पन्नास नोंदी उतरवून झाल्याशिवाय लिहू नकोस. लिहिलंस की आधी मला पाठव. इंग्रजीत असलं तरी चालेल, चष्मा नवा आहे.

आईला सलाम सांग.

तुझे
पाळककाका