गर्भनाळेचा प्रश्न आणि अर्जातील ‘नाही’

वाचकाचे पत्र थोडक्यात असे : वय 34, पत्नीही नोकरी करते, दोन महिन्यांत पहिले अपत्य होणार आहे. थोरल्या भावाला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार, असल्याचे निदान झाले असून त्याच्या एमवायबीपीसी3 या जनुकात रोगकारक उत्परिवर्तन, म्हणजे आजार घडवू शकणारा बदल, आढळले आहे. बाळाला पुढे उपयोगी पडावे म्हणून गर्भनाळेतील रक्त 70 हजार रुपये भरून खासगी पेढीत साठवावे का?

साठवू नये. उत्परिवर्तन बाळाकडे आलेच, तर ते गर्भनाळेच्या पेशींतही असणार. मग त्याच पेशींनी कोणता दोष दुरुस्त होणार? स्वतःच्या भावी वापरासाठी अशा साठवणुकीला शास्त्रीय आधार नसल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2017 मध्येच नमूद केले आहे.

पत्राच्या शेवटी ओझरते लिहिलेले वाक्य मात्र यापेक्षा गंभीर आहे. गेल्या महिन्यात तुम्ही 20 लाखांची एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली, पॉलिसी घेतली, आणि कुटुंबात कोणाला हृदयविकार आहे का, या प्रश्नापुढे एजंटाच्या सांगण्यावरून ‘नाही’ असे लिहिले. तीन वर्षांनंतर कोणी विचारत नाही, हे त्याचे म्हणणे विमा कायद्याच्या कलम 45 वर बेतलेले आहे; परंतु त्याच कलमानुसार पहिल्या तीन वर्षांत माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येतो, आणि या विकाराची पहिली खूण काही वेळा अचानक हृदय बंद पडणे हीच असते. म्हणजे ज्या धोक्यासाठी विमा घेतला, त्याच धोक्यासमोर तो सुरुवातीची तीन वर्षे लटका ठरू शकतो.

पॉलिसी तशीही ठेवण्याजोगी नाही. वर्षाला 96 हजार, 20 वर्षांत सुमारे 19 लाख भरायचे आणि 38 लाखांची आशा धरायची. हा परतावा जेमतेम 6 टक्के होतो, आणि महागाईही 6 टक्के धरली तर आजच्या हिशेबाने हाती येतात 12 लाख. शिवाय तुमचे गृहकर्जच 34 लाखांचे आहे; 20 लाखांच्या विम्यातून तेही फिटणार नाही! पॉलिसी हाती येऊन पंधरवडाच झाला असल्याने 30 दिवसांच्या फ्री-लूक मुदतीत, म्हणजे नको असलेली पॉलिसी परत करण्यासाठी मिळणाऱ्या मुदतीत, ती लेखी अर्जाने परत करा. किरकोळ वजावट होऊन हप्ता परत मिळेल.

त्याऐवजी भावाच्या आजाराची स्पष्ट नोंद करून एक कोटीच्या मुदत विम्यासाठी, म्हणजे बचत नसलेल्या, केवळ मृत्यूनंतर रक्कम देणाऱ्या विम्यासाठी, अर्ज करा. कंपनी इको (हृदयाची सोनोग्राफी) मागेल, कदाचित हप्ता वाढवेल. वाढीव हप्ताही बहुधा 96 हजारांच्या आतच राहील.

हृदयरोगतज्ज्ञांकडून ईसीजी आणि टूडी इको मात्र विम्याच्या निर्णयाची वाट न पाहता करून घ्या. भावाचे उत्परिवर्तन आईवडिलांपैकी एकाकडून आले असेल, तर ते तुमच्यात असण्याची शक्यता 50 टक्के आणि बाळात आज 25 टक्के आहे. भावाचा अहवाल हाती असल्याने तुमच्यात तेवढेच उत्परिवर्तन तपासले तरी पुरते, आणि ते नसल्यास तुमच्याकडून बाळाला ते मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. असल्यास त्याचा अर्थ आजार जडला असा नव्हे, तर ठरावीक काळाने तपासणी आवश्यक आहे एवढाच होतो. भारतीय उपखंडात सुमारे 4 टक्के लोकांत याच जनुकातील डीएनएची 25 अक्षरे गळालेली असतात आणि त्यांतील अनेकांना काहीही होत नाही. भावाच्या अहवालात नेमका कोणता बदल आहे, हे जनुकीय समुपदेशकाकडून समजून घ्या.

मुदत विमा नाकारला गेलाच, तर वाचलेले 96 हजार दरवर्षी गृहकर्जात भरा आणि कमावत्या पत्नीच्या नावे मुदत विमा घ्या. तिचा विमा पत्रात कुठेच दिसत नाही.