पाठीतला पंप: आमच्या अण्णांच्या वेळचा अनुभव

ताई, आईंचा कॅन्सर मणक्यात उतरलाय, मॉर्फिनच्या गोळ्यांनी दुखणं जरा दबतं पण त्या दिवसभर गुंगीतच असतात आणि आता डॉक्टर पंप बसवू म्हणतायत, म्हणून घाबरलात ना? आम्हीपण घाबरलो होतो.

आधी एक सांगतो, पंप पाठीत बसतच नाही. बूटपॉलिशच्या डबीएवढा असतो, पोटावर कातडीखाली बसवतात आणि तिथून बारीक नळी कमरेवरून फिरवून मणक्यातल्या पाण्यात सोडतात. औषध थेट मज्जारज्जूपाशी पोचतं म्हणून अगदी थोडं पुरतं. ढोबळ हिशेबाने तोंडावाटे 300 मिग्रॅ मॉर्फिन म्हणजे तिथे 1 मिग्रॅ. गुंगी उतरते ती यामुळे. खरा डोस मात्र डॉक्टर हळूहळू चढवत ठरवतात.

पंपाआधी ट्रायल घेतात, म्हणजे तेच औषध मणक्यात थोडं देऊन गुण येतो का ते बघतात. अण्णांना ट्रायलमध्ये अंगभर खाज सुटली, लघवी अडकली, नळी घालावी लागली, मला वाटलं कशाला या भानगडीत पडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसले आणि म्हणाले चहात साखर कमी आहे. तीन आठवड्यांत चव कळल्याचं पहिल्यांदाच बोलले.

नंतर रिफिल, म्हणजे पंपात औषध पुन्हा भरणं. सिस्टर पोटावर प्लास्टिकचा साचा ठेवून मधली जागा शोधायच्या, सुईने आधी उरलेलं औषध बाहेर काढून मोजायचे, मशीनवरच्या आकड्याशी जुळलं की मगच नवीन भरायचे. तारीख चुकवायची नाही, औषध एकदम थांबलं तर त्रास होतो. त्यामुळे रिफिल कुठे, कोण करणार, रात्री पंपाचा बीप वाजला तर फोन कुणाला, हे आत्ताच विचारा.

आम्हाला एका ठिकाणी "हा शेवटचा उपाय" म्हणून चार महिने थांबवलं, त्याचा राग अजून आहे. उशीर झाला की इन्फेक्शन, प्लेटलेट कमी, मग कोणी सुई लावायला तयार होत नाही. खर्च लाखांत जातो हे खरंय. हातात थोडेच महिने असतील तर कातडीखाली फक्त पोर्ट (सुई टोचायची छोटी डबी) आणि पंप बाहेर असंही करतात, सुरुवातीला स्वस्त पडतं, त्याबद्दल स्पष्ट विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

आणि पंप बसल्यावर घरात उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, आई कितीही कळवळल्या तरी. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. हाक मारून जाग्या होत नसतील तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.